विटे विटे, तुझं वय काय?

बाईला आणि विटेला वय विचारू नये, असं कुणी म्हणालं तर पुरातत्त्वज्ञ अर्ध्यावर सहमत होतील. विटेला ते विचारतातच. मोजपट्टी लावून, तापवून, वजन करून, चुंबकासमोर धरून विचारतात. तापी-गिरणेच्या काठापासून बॅबिलोनपर्यंतच्या विटा-कौलांनी दिलेली ही काही उत्तरं. काही सरळ आहेत, काही चक्क चकवणारी.

एक टेकाड, तीन जिल्हे

तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर खणायला घेतलं तेव्हा गाव पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. पुढे ते धुळे जिल्ह्यात गेलं आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. गाव तसूभरही हललं नाही! टेकाडाच्या पोटात मात्र ताम्रपाषाण काळापासून अकराव्या शतकापर्यंतच्या वस्त्या एकीवर एक बसलेल्या निघाल्या. तळाशी सगळ्यात जुनं, वर सगळ्यात नवं. विटेचं वय ठरवायची पहिली पायरी हीच: ती कोणत्या थरात सापडली?

सगळ्यात खालच्या थरात वीट दिसली? दचका!

खानदेशातले पहिले शेतकरी चार हजार वर्षांपूर्वी घरं बांधून राहत होते, पण भाजलेल्या विटांची नव्हेत. साक्री तालुक्यातल्या कावठ्याला तर जमिनीत गोल खड्डे करून वर छप्पर घातलेली घरं होती. इतर ठिकाणी कुडाच्या भिंती आणि चोपलेली जमीन. महाराष्ट्रात भाजकी वीट सर्रास दिसू लागते ती सातवाहनांच्या आगेमागे, म्हणजे जेमतेम बावीसशे वर्षांपूर्वी. म्हणून ताम्रपाषाण थरात पक्की वीट दिसली की उत्खनक आनंदाने उडी मारत नाही. तो आधी उंदराचं बीळ शोधतो, मग नंतर कुणी खणलेला खड्डा शोधतो. वीट वरून खाली घसरलेली असण्याचीच शक्यता जास्त.

खानदेशची माती पावली

चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. तिथे १९५२-५३ मध्ये एम. एन. देशपांडे यांनी उत्खनन केलं आणि नदीपलीकडे टेकवाड्याला दफनं उजेडात आली. बहाळचे देशपांडे १९७२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. १९७८ मध्ये त्यांच्या खुर्चीवर कोण बसलं? प्रकाशाचे थापर. पाठोपाठचे दोन महासंचालक, दोघांच्याही पायाला तापी खोऱ्यातली माती लागलेली.

दगड तारीख सांगतो, वीट सहसा नाही

त्याच बहाळला देवीच्या देवळात एक शिलालेख आहे: शके ११४४, म्हणजे इ.स. १२२२. तो कोरवून घेणारा अनंतदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांच्या घराण्यातला. गणित घरातलंच, त्यामुळे तारीख चोख! विटांचं नशीब असं नसतं. मात्र काही विटा भाग्यवान निघतात. बॅबिलोनच्या नेबुकद्नेझर राजाने लाखो विटांवर स्वतःचं नाव उमटवून घेतलं. रोममध्ये इ.स. १२३ साली वीटवाल्यांनी त्या वर्षीच्या कॉन्सलांची (सर्वोच्च अधिकाऱ्यांची) नावं असलेले शिक्के इतके मारले की आजही तिथे विटेवरून इमारतीचं साल काढतात. आपल्याकडे डेहराडूनजवळ जगतग्रामला अश्वमेध करणाऱ्या शीलवर्मन राजाचं नाव कोरलेल्या विटा मिळाल्या. बाकी कोट्यवधी विटा मुक्या. त्यांना बोलतं करायला पुढचे सगळे खटाटोप.

वीट जितकी थोराड, तितकी बहुधा जुनी

जुन्या उत्खनकांचं आवडतं हत्यार म्हणजे मोजपट्टी. सातवाहन काळातली वीट चाळीस सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब, वीसेक सेंटिमीटर रुंद आणि सात-आठ सेंटिमीटर जाड असते. उचलायला दोन हात लागतात. मध्ययुगात विटा लहान आणि चपट्या होत गेल्या. उत्तरेतली मुघल काळातली लखौरी वीट तर तळहातावर मावेल इतकी लहान आणि पातळ. इंग्रजी अमदानीत नऊ इंच लांबीची वीट रुळली, आणि आजची प्रमाणित वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटर. दोन हजार वर्षांत वीट निम्म्याहून आखूड झाली. पण हा फक्त अंदाज बरं का. प्रत्येक गावचा साचा वेगळा, आणि पट्टीने शतक सांगता येतं, साल नाही.

१ : २ : ४, जगातलं सगळ्यात शिस्तीचं माप

सिंधू संस्कृतीच्या विटा उंची, रुंदी, लांबी याच प्रमाणात असतात. सात सेंटिमीटर उंच, चौदा रुंद, अठ्ठावीस लांब. हे प्रमाण थेट प्रवरेकाठी दायमाबादला पोचलं! एस. ए. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तिथे खणलं तेव्हा उत्तर हडप्पा काळातली एक कबर मिळाली. तिला अस्तर होतं कच्च्या विटांचं आणि प्रमाण तेच, सिंधूचं. हेच साळी त्याआधी चाळीसगावजवळच्या पाटण्याला खणत होते. तिथे सापडले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. त्या काळी वीट सोडा, घरच नव्हतं. दागिने मात्र होते.

वीट चोरीची असू शकते

मोजपट्टीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे काटकसर. पडक्या इमारतीच्या विटा कुणी वाया घालवत नाही. खानदेशातल्या कितीतरी गावांत गढीच्या किंवा पांढरीच्या विटा उचलून गोठा बांधलेला दिसेल. वीट सातवाहनांची, गोठा आजोबांचा! भिंतीचं वय विटेच्या वयाइतकं किंवा त्याहून कमी असतं, जास्त कधीच नाही. या काटकसरीचा कळस इंग्रजांनी केला. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली खडीच्या जागी हडप्पाच्या विटा पसरल्या, सुमारे १६० किलोमीटरपर्यंत. चार हजार वर्षांपूर्वीच्या शहरावरून आगगाडी धावत होती आणि ते शहर किती जुनं आहे याचा तेव्हा कुणाला पत्ताही नव्हता.

अजिंठ्याची वीट आणि कॉन्स्टँटिनोपलचं सोनं

अजिंठा म्हटलं की कोरीव दगड. पण लेण्यांसमोर, वाघूर नदीच्या पलीकडच्या काठावर, पुरातत्त्व खात्याला चक्क विटांचा विहार सापडला. (याच वाघूरवर पुढे धरण आहे आणि जळगावकर तिचं पाणी पितात.) या विटांचं वय सांगायला दोन साक्षीदार पुढे आले. एक पश्चिमी क्षत्रप विश्वसेनाचं नाणं, इ.स. २९३ ते ३०४ मधलं. दुसरं कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राट थिओडोसियसचं सोन्याचं नाणं, इ.स. ४०२ ते ४५० मधलं. आता हिशेब पाहा. थिओडोसियसचं नाणं ज्या थरात पडलं तो थर ४०२ च्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा किती? ते नाणं सांगत नाही, कारण सोन्याचं नाणं पिढ्यान्‌पिढ्या कनवटीला राहू शकतं. नाण्यावरून फक्त मागची हद्द कळते: याच्या आधी नाही.

विटेच्या पोटातलं गल्ला-मडकं

आता प्रयोगशाळेत चला. विटेच्या मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. आजूबाजूच्या मातीतून आणि आकाशातून सतत येणाऱ्या किरणोत्सारामुळे या कणांत थोडी थोडी ऊर्जा साठत जाते, गल्ल्यात रोज एक नाणं पडावं तशी. भट्टीत वीट भाजली की गल्ला पूर्ण रिकामा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भरू लागतो. शास्त्रज्ञ विटेचा नमुना तांबड्या मंद उजेडात घेतात, वरचा पापुद्रा काढून टाकतात, आतले कण चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवतात. साठलेली ऊर्जा निळसर उजेड होऊन बाहेर पडते. उजेड मोजला की किती साठलं ते कळतं. वर्षाला किती साठत होतं याने भागलं की वय! याला उष्मादीप्ती पद्धत म्हणतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशी मोजणी होते. चूक साधारण पाच ते दहा टक्के. म्हणजे दोन हजार वर्षांच्या विटेला शे-दोनशे वर्षं इकडे-तिकडे.

अर्धं गणित शेतातच राहतं

या पद्धतीतली गंमत इथेच आहे. वर्षाला किती ऊर्जा साठत होती हे केवळ विटेवरून कळत नाही, कारण बराचसा किरणोत्सार भोवतालच्या मातीतून येतो. म्हणून विटेबरोबर तिच्या शेजारची माती लागते, तिचा ओलावाही मोजावा लागतो. कुणी हौसेने वीट उचलून दिवाणखान्यात ठेवली की भागाकारातली एक संख्या गायब. वीट हातात, वय हवेत.

पाचशे वर्षांची वीट म्हणाली, ‘मी सहासष्टची’

भट्टीतून निघालेली वीट हवेतलं बाष्प पिऊ लागते. हे पाणी मातीच्या रेणूंशी पक्कं जोडलं जातं, त्यामुळे विटेचं वजन वाढतं. अगदी किंचित, पण नियमाने आणि शतकानुशतकं. मँचेस्टर विद्यापीठाच्या मोइरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावरूनच वय काढायची युक्ती मांडली. वीट पाचशे अंशांवर तापवून सगळं पाणी हाकला, मग ती किती वेगाने पुन्हा पिते ते अतिसूक्ष्म तराजूवर बघा. वजनवाढ वेळेच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात होते. सोप्या भाषेत, वय सोळापट झालं की वजनवाढ फक्त दुप्पट.

कँटरबरी शहरातल्या एका मध्ययुगीन विटेवर ही युक्ती लावली तर वय निघालं ६६ वर्षं! सगळे चक्रावले. मग उलगडा झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, त्या शहरावर आगबॉम्ब पडले होते. त्या आगीत वीट पुन्हा भाजली आणि तिचं घड्याळ शून्यावर आलं. वीट खोटं बोलत नव्हती, शेवटची आग कधी लागली ते सांगत होती. उष्मादीप्तीचंही तसंच. जळालेल्या वाड्याच्या विटा वाड्याची नव्हे, जळिताची तारीख देतील. ही वजनाची युक्ती सगळ्या मातींना सारखी लागू पडत नाही, हेही नंतर दिसून आलं.

विटेला उत्तर दिशा आठवते

मातीतल्या लोहाच्या कणांना पृथ्वीच्या चुंबकाची ओढ असते. भट्टीत हे कण सहाशे-सातशे अंशांना पोचले की जुनी ओळख विसरतात आणि थंड होताना त्या दिवशीच्या पृथ्वीच्या चुंबकाची नोंद करून गोठतात. पृथ्वीचं चुंबक मात्र काळानुसार बदलतं, कधी जोर धरतं, कधी मंदावतं. नोंद वाचली की काळ कळतो. अडचण एवढीच की वीट भट्टीतून काढून भिंतीत बसवली की तिची दिशा बिघडते. जोर मोजता येतो, दिशा नाही. म्हणून चुंबकवाल्यांना जागची न हललेली चूल किंवा भट्टीचा तळ सापडला की ते हरखतात.

२०२३ मध्ये मेसोपोटेमियाच्या ३२ विटा या कामी आल्या. त्यांच्यावर बारा राजांची नावं होती. राजे कधी होऊन गेले ते ढोबळ माहीत, चुंबकाचा जोर विटेत नोंदलेला. दोन्ही जुळवून त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकाचा आलेख पक्का झाला आणि इ.स.पू. १०५० ते ५५० या काळात तिथे ते अचाट जोरावर होतं याला दुजोरा मिळाला. राजांना वाटलं आपण नाव अमर करतोय. प्रत्यक्षात ते भूगोलाच्या प्रयोगाची सोय करत होते.

पाण्यावर तरंगणारी वीट आणि तुसाची साक्ष

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला विटांची प्राचीन देवळं आहेत. त्रिविक्रमाच्या देवळाची मागची बाजू तर बौद्ध चैत्यासारखी अर्धगोल. तिथल्या काही विटा पाण्यात टाकल्या तर बुडत नाहीत! तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखराच्या विटाही अशाच. जादू नाही, तूस आहे. मातीत तूस किंवा तसलंच काहीतरी मिसळायचं, भट्टीत ते जळून जातं, आत बारीक पोकळ्या उरतात आणि वीट पाण्याहून हलकी होते.

तूस नीट जळला नाही तर आणखी मजा. उरलेल्या कोळशावर कार्बन-१४ लावता येतो आणि पीक कधी कापलं ते निघतं. विटेच्या वयासाठी धान्याची साक्ष! इराकमधल्या निमरूदच्या २,९०० वर्षांपूर्वीच्या एका कच्च्या विटेने तर कमाल केली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या या विटेतून २०२३ मध्ये वनस्पतींचा डीएनए काढला गेला आणि ३४ गटांतल्या वनस्पती ओळखता आल्या. भाजली असती तर डीएनए जळून गेला असता. खानदेशच्या काळ्या मातीच्या कच्च्या भिंतींकडे आता वेगळ्या नजरेने पाहायला हरकत नाही.

पुढे मांजर, मागे कुत्रा

सिंधमधल्या चन्हुदडोच्या उत्खननात, १९३५-३६ मध्ये, अर्नेस्ट मॅके यांना एक वीट मिळाली. तिच्यावर मांजराच्या पंजाचा ठसा आणि त्यावर कुत्र्याच्या पंजाचा. विटा वाळत घातल्या होत्या, मांजर पळालं, पाठोपाठ कुत्रा. चार हजार वर्षांपूर्वीची एक दुपार पक्की भाजून निघाली! वयासाठी याचा काही उपयोग नाही, पण वीट उन्हात उघड्यावर वाळवली होती एवढं नक्की कळतं. आजच्या वीटभट्टीवरही कोंबडीच्या नखांच्या विटा सापडतात. शोधा.

कौलं: दोन भोकांपासून मंगळुरी शिक्क्यापर्यंत

विटांची ही कथा, तर कौलांची आणखी निराळी. सातवाहन काळातल्या नेवासे, तेर अशा गावांत भाजलेली कौलं सापडतात आणि त्यांत बहुधा दोन भोकं असतात. वाशाला बांधायची किंवा खिळ्याने ठोकायची सोय. वारा सुटला तरी छप्पर जागेवर. खानदेशात मात्र पुढे धाब्याच्या घरांनी बाजी मारली. पाऊस बेताचा, म्हणून सपाट छत आणि वर पांढऱ्या मातीचा थर. कौलाची गरजच कमी.

मग आली मंगळुरी कौलं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, १८६८ मध्ये अल्बुकर्क यांनी. रेल्वे वाढली तशी ही कौलं देशभर गेली. तापी खोऱ्यात सुरत-अमळनेर लोहमार्ग १९०० मध्ये सुरू झाला. या कौलांच्या पोटाला कारखान्याचं नाव ठसठशीत असतं, कधी सालही. आणि इथेच लोक फसतात! ‘१८६५’ वाचून घर १८६५ चं म्हणून मोकळे होतात. ते साल कारखान्याच्या स्थापनेचं. कौल १९१० चंही असू शकतं. खरा पुरावा नावात आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी बासेल मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि मग कारभार कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. म्हणजे कौलावर ‘कॉमनवेल्थ’ वाचलं तर ते महायुद्धानंतरचं, डोळे झाकून. मात्र कौलंही विटांसारखीच घरं बदलतात, तेव्हा छपरावरून घराचं वय काढताना वासेही बघा.

धाब्यावर बसलेला इतिहास

जुनी वस्ती जिथे होती तिथली माती राख, शेण आणि चुन्याने फिकट होते. तीच पांढरी. धाब्यावर घालायला ती उत्तम, पाणी गळू देत नाही. शेतात टाकली तर खत. म्हणून शतकानुशतकं बैलगाडीने आणि आता ट्रॅक्टरने पांढरी वाहून जाते. खानदेशातल्या कितीतरी घरांच्या छतावर इतिहासपूर्व खापरं शांतपणे पाऊस झेलत असतील. जागेवरून उचललेल्या त्या खापराचा थर आता कुठल्याही प्रयोगशाळेला सापडणार नाही.

दहा रुपयांचा कायदा

१८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. दहा रुपये! त्या काळी तेवढ्यात सोनं येत होतं. आज एक वीटही जेमतेम येते.

इ.स. ४०२६ मधला पुरातत्त्वज्ञ

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथल्या राखेसारखी राख सिमेंटशी घट्ट करून विटा करतात. या विटा भट्टीत जातच नाहीत! म्हणजे ‘वीट कधी भाजली’ हा प्रश्नच बाद. राख मात्र बॉयलरमध्ये तापलेली, तीही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोळशाची. दोन हजार वर्षांनंतर कुणी ही वीट तपासायला घेतली तर त्याची दांडी गुल होणार. त्याला एकच सोपा पुरावा मिळेल: शेजारी पडलेलं गुटख्याचं पाकीट.

शेतात थोराड वीट दिसली तर?

- उचलू नका. हलवलेली वीट म्हणजे अर्धी वीट.
- आधी आहे तिथेच फोटो, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवून.
- लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. मोडकी असेल तर रुंदी आणि जाडी तरी.
- एकटी आहे की ओळीत? ओळीत असेल तर भिंत असू शकते. तिथे नांगर थांबवा.
- जवळ खापर, मणी, नाणं दिसलं तर तेही जागेवरच राहू द्या. विटेचे साक्षीदार तेच.
- तलाठी, तहसीलदार किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. धुळ्यात वि. का. राजवाडे यांच्या नावाची संशोधन संस्था आहे. तिथेही जाणती माणसं भेटतील.
- घासून धुऊ नका, आणि देव म्हणून शेंदूर तर मुळीच लावू नका. शेंदराचं वय काढायची वेळ येईल.